न बदललेली फाइल

काका घरी गेल्याची खात्री करून तिने साफसफाईची कमांड दिली. दिवसभर कुणाच्या तरी नावावर अडकून पडलेल्या, पण एक अक्षरही न बदललेल्या फाइली पडद्यावर आल्या. आजही एकच होती. आजही काकांचीच.

ऑफिसातली पद्धत साधी होती. ज्याने फाइल नावावर घेतली, त्याच्याशिवाय त्या फाइलीत कुणी बदल करू शकत नसे; अडकलेली फाइल मोकळी करायची कमांड तेवढी साफसफाई बघणाऱ्या या मुलीकडे होती. रुग्णाला औषध सोडणाऱ्या पंपाच्या प्रोग्रॅममधली ही फाइल काका रोज सकाळी घेत आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे नुसते बघत बसत. पंप मध्येच थांबतो, नर्स वैतागल्यात, तेवढं बघा, असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. त्याला महिना होत आला. पोरं पाठीमागे म्हणत, काकांची समाधी लागली.

तिला हसू येत नसे. हे काम काकांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. आता म्हाताऱ्याचं डोकं चालेना, हे तिला कळत होतं आणि वाईट वाटत होतं. त्यात साहेबांनी बजावलं होतं, "फाइली अडवून बसणाऱ्यांना मी घरी बसवणार." काकूंचं आजारपण कंपनीच्या विम्यावर चाललेलं. म्हणून साहेबांच्या नजरेला पडायच्या आत ती रोज संध्याकाळी काकांची फाइल गुपचूप मोकळी करी. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजही तिने मोकळी केली आणि समाधानाने घरी गेली.

सकाळी ऑफिसात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. साहेब केबिनचं दार लावून फोनवर होते. शेजारच्या टेबलावरच्याने तिला खालच्या आवाजात सांगितलं. काल रात्री रुग्णालयातून पुन्हा तक्रार आली. फाइल मोकळी दिसली, तेव्हा साहेबांनी स्वतःच बदल केला आणि सगळ्या पंपांवर चढवला. पहाटे एक बाई गेली. औषध प्रमाणाबाहेर सुटत राहिलं, पंप थांबलाच नाही.

काका बंद पडद्यासमोर बसले होते. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"काका, फाइल मी सोडवत होते. रोज. तुम्ही काही बदलतच नव्हता, मला वाटलं, तुम्हाला आता जमत नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"तू होतीस होय? सकाळी सुटलेली दिसायची. मला वाटायचं, मीच विसरायला लागलोय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, औषध जास्त झालं की पंप थांबतो, तो बिघाड नव्हता. साहेबांना ऐकायचं नव्हतं. मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. त्या फाइलीत कुणी काही बदलू नये, एवढंच काम करत होतो मी महिनाभर."