वर बघ

"हिला रडवा गं कुणीतरी, दुःख आत कोंडून राहील," शेजारणी कुजबुजत होत्या. हेमलता नवऱ्याच्या देहापाशी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. काचबिंदूसाठी तिच्या डोळ्यांत बसवलेल्या तांदळाएवढ्या कुप्या औषध अगदी अचूक सोडायच्या. ते वाहून जाऊ नये म्हणून अश्रू मात्र येऊच द्यायच्या नाहीत. कुप्या बसवण्याआधी औषधाचे थेंब नवराच घालायचा. निम्मे गालावर सांडायचे, मग तोच अंगठ्यानं पुसायचा.

शेवटी नणंदेनं फडताळातली थेंबांची जुनी बाटली पाण्यानं भरली आणि तिची हनुवटी धरली. "वहिनी, वर बघ."

तोही रोज एवढंच म्हणायचा. हेमलतानं सवयीनं मान मागे टाकली. पाणी गालांवर ओघळलं.

"रडली बाई एकदाची!" बायकांनी सुस्कारा सोडला.

मान तशीच मागे ठेवून हेमलता अंगठ्याची वाट बघत राहिली.