ओली खळ

“जेवून घ्या आता, अक्षरं काय पळून जातायत?” नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकलेला तो आवाज यमुनाबाईंच्या कानात अजून ताजा होता. तीनशे वर्षांमागची कुणी बाई पोथीची पानं चिकटवणाऱ्या नवऱ्याला बोलावत होती. खळ वाळताना भोवतीचे बोल धरून ठेवते आणि यंत्रावर ते ऐकू येतात, हे कळल्यापासून विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियमच होता: खळ ओली असेतो दुरुस्तीच्या खोलीत कुणी बोलायचं नाही.

यमुनाबाई आणि खानोलकर वर्षानुवर्षं तसेच मुक्यानं, सुखानं शेजारी बसत. चहाला मात्र तोंडं सुटत.

“आज निवृत्त झालो की उद्या नागपूरला, मुलाकडे,” खानोलकर म्हणाले.

“जा की. तुमचा कप तेवढा विसळून जा.” यमुनाबाई हसल्या आणि ओठांवर आलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

मग दोघं एका फाटक्या पानाशी बसले. खळीचा कुंचला अलगद फिरला.

“खानोलकर,” यमुनाबाई म्हणाल्या.

खानोलकरांनी दचकून ओल्या पानाकडे बोट दाखवलं.

“दिसतंय मला. पुढच्यांनी ऐकलं तर ऐकू दे. जाऊ नका. तुम्ही मला फार आवडता.”