टीव्हीवरचा मुखवटेवाला

शनिवारी दुपारी ज्ञानू पैलवानांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं टीव्ही लावला आणि ते शालनच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले.

शालनला, त्यांच्या बायकोला, टीव्हीवरची ही परदेशी कुस्ती भारी आवडायची. शेंगा फोडत ती बघायची आणि तिचा लाडका मुखवटेवाला पैलवान आला की मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायची. तीस वर्षं लाल मातीत काढलेल्या ज्ञानूंना ते बघवायचं नाही.

"ही काय कुस्ती? कोण पडणार ते आधीच ठरलेलं. नुसतं नाटक!"

"असू दे. तुम्ही खरी कुस्ती हरून आलात, की आठ-आठ दिवस घरात बोलायचा नाहीत. हा माझा गडी हरला तरी पुढच्या शनिवारी हसत येतो."

उन्हाळ्यात त्या नाटकात मुखवटेवाल्याला शत्रूंनी गाडीसकट नदीत ढकललं. शालन तेव्हा अंथरुणाला खिळली होती. "येईल ना हो तो परत?" तिनं विचारलं.

"मेलेला माणूस परत येतो होय? काहीतरीच गोष्टी रचतात," ज्ञानू म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढचा शनिवार तिला दिसला नाही.

आज पडद्यावर दिवे विझले, नगारा वाजला आणि मुखवटेवाला चालत आला.

"येईल म्हणायला माझं काय जात होतं गं?" ज्ञानू खुर्चीकडे बघून म्हणाले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. मांडीवर मांस उरलं नव्हतं, शड्डू वाजलाच नाही. त्यांनी पुन्हा मारली.