बाहेरचं चालत नाही

"ग्राहकाच्या घरचंच होऊन जायचं," विम्याची एजन्सी देताना साहेबांनी पूनमला सांगितलं होतं.

सोनाळ्यात धम्मरत्नच्या पॉलिसीसाठी ती पुन्हा गेली, तेव्हा त्याच्या आईनं पोहे पुढे केले.

"आज उपास आहे, मावशी. बाहेरचं चालत नाही."

"मागच्या खेपीले बी उपासच होता! मॅडम, बुद्धविहाराजवळ आल्यावरच कसे उपास येतेत तुमाले? आमचे पैसे चालतेत, पोहे नाही चालत."

"अहो, खरंच माझं सारखं काहीतरी व्रत असतं!" पूनम रडकुंडीला आली.

"हाव, सारे असंच म्हणतेत."

"उद्या जेवायलाच येते. मग तर झालं?"

घरी आल्यावर सासूबाईंनी आठवण करून दिली, उद्या एकादशी. लग्नापासून तिनं एकही मोडली नव्हती.

सकाळी देवापुढे हात जोडून ती सासूबाईंना हळूच म्हणाली, "माझ्यापुरती भगर टाकू नका," आणि सोनाळ्याच्या वाटेला लागली.