सोशिक पोर

कोळंबीच्या शेडवर पोरांना लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी झबलं वर केलं आणि सुई हातातच थबकली. पोराच्या उजव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ आली होती. डाव्या मांडीवर कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता. दोन्ही त्यांच्याच हातचं, आजचंच.

“हे पोर कुणाचं?”

“माझंच की, बाई. लोकाचं घेऊन कशाला फिरू?” कोळंबी सोलणारी तरणी बाई हसली. बर्फाच्या पाण्यानं तिची बोटं पांढरीफटक पडली होती.

“मघाशी याला निळं टोपडं होतं. त्याआधी पिवळं. आणि दोन्ही वेळा आई निराळी.”

हसू मावळलं. तेवढ्यात दाराबाहेरच्या बायकांच्या रांगेतून एक म्हातारी पुढं झाली.

“तिच्यावर नका डाफरू. नातू माझा आहे. मीच दिलाय.”

“दिलाय म्हणजे?”

“टोचलं की पोर तापतं. पोर तापलं की आई घरी. आई घरी बसली की सोलायच्या बाकावरची तिची जागा दुसरीला. आणि पोराच्या कार्डावर टोचल्याचा शिक्का नसला तर शेडमालक दारात उभं करत नाही. इकडं आड, तिकडं विहीर. आमच्याकडं मी आहे रिकामटेकडी, ताप उतरेस्तोवर मांडीवर घेऊन बसायला. म्हणून हा सगळ्यांच्या कामी येतो. भारी सोशिक पोर!”

“आणि हिचं पोर?”

तरणीनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेडच्या भिंतीशी रिकाम्या टोपल्यांत पोरं झोपली होती. एकालाही कधी सुई लागलेली नव्हती.

नर्सबाई खिडकीकडून म्हातारीकडं वळल्या. “अहो आजी, औषध आहे ते! एकाच्याच अंगात किती ओतायचं?”

“चांगलंच असतं ना ते? तुम्हीच तर दारोदार सांगत फिरता. मग चांगलं चार घास जास्त गेलं, तर बिघडलं कुठं?”

बाईंनी सुई बाजूला ठेवली. ड्रायव्हरला हाक मारली, गाडी काढ, डॉक्टरांकडं जायचंय. मग पोराला उचलायला त्यांनी हात पुढं केले.

पोरानं त्या हातांकडं पाहिलं. रडलं नाही. इवल्याशा मुठीनं स्वतःच झबलं वर ओढलं आणि गाठ आलेला पाय पुढं केला.