बाण ताईकडे वळतो

फुटायच्या आधी महाकाय तारा न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सोडतो. ते खाणीतल्या प्रयोगशाळेत टाकीच्या पाण्यात सापडले, की पडद्यावरचा बाण त्या ताऱ्याकडे वळतो. अख्ख्या नोकरीत थोरलीने तो हललेला पाहिला नव्हता.

आज तिची धाकटी बहीण प्रयोगशाळेची प्रमुख झाली. थोरलीच्याच हाताखाली शिकलेली! सगळे तिला डोक्यावर घेऊन नाचले आणि जेवायला वर गेले; खाली दोघी बहिणीच उरल्या. थोरलीही ओठ ताणून हसली, पण आत नुसता जळफळाट.

"ताई, बाण हलला!"

पहिला तारासुद्धा हिच्याच नशिबात! थोरलीच्या पोटात आगडोंब उसळला. पडद्यावरचा कणांचा आकडा सरसर चढला.

"पण बाण तुझ्याकडे वळलाय गं. जरा सरक बघू."

थोरली दारापाशी गेली. बाण दाराकडे वळला. ती कपाटाशी आली. बाणही आला.

"बिघडलं असेल तुझं यंत्र," ती म्हणाली. 'तुझं' म्हणताना तोंड कडू झालं, आणि आकडा पुन्हा चढला.

धाकटी पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझा विचार करू नकोस ना."

थोरलीला दुसरा विचारच सुचेना, आणि आकडा चढतच राहिला.