रिकामं टमरेल

शिट्टी वाजली आणि मेहरुन जागच्या जागी थांबली.

नदीकडच्या रस्त्यावर, उसाच्या कडेला, गुड मॉर्निंग पथक उभं होतं. वडगाव रासाईत घरोघरी संडास झाले होते, तरी माणसं सवयीनं टमरेल घेऊन उसात शिरायचीच. म्हणून सरपंच मारुतराव आज स्वतः झुंजूमुंजूला उठून आले होते. बरोबर ग्रामसेवक, पंचायतीचे सदस्य आणि गुलाबाच्या फुलांचं ताट घेतलेल्या सरपंचांच्या बायको, साळूबाई. जो सापडेल त्याला चारचौघांत फूल द्यायचं, म्हणजे तो लाजेनं पुन्हा इकडं फिरकणार नाही. सदस्यांमध्ये शाकीरही होता. मेहरुनचा धाकटा दीर.

मेहरुनच्या हातात टमरेल होतं.

तिचा नवरा महबूब टेम्पोच्या अपघातात गेला, तेव्हा धाकटी सुफिया रांगत होती आणि थोरली आसमीन नुकतीच शाळेत जायला लागली होती. शाकीरनं घरातली मागची खोली तिला राहायला दिली. तिथंच तिनं शिलाई मशीन मांडलं. पहाटे नळाला नंबर, मग पोरींचे डबे, शाळेत जाऊन खिचडी शिजवायची, दुपारी लोकांचे ब्लाउज, संध्याकाळी चूल. गेल्या ईदेच्या सुमारास ती शाळेच्या चुलीपुढंच चक्कर येऊन पडली. शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि शुगर सांगितली. गोळ्या दिल्या. वर म्हणाले, नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, रोज घाम फुटेस्तोवर चालायचं.

"कवा चालू, डॉक्टर?" तिनं विचारलं होतं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. पण मेहरुनच्या अम्मीचा पाय याच शुगरनं कापावा लागला होता, आणि पायामागं अम्मीही गेली होती. पोरींना दुसरं कुणी नव्हतं. मेहरुन नळाच्याही आधी उठायला लागली. पहिल्या दिवशी मोकळ्या हातानं नदीपर्यंत जाऊन आली. त्याच संध्याकाळी पानाच्या टपरीवर शाकीरला कुणीतरी विचारलं, "तुझी भावजय पहाटंची कुणाला भेटाया जाती रं?" तो तडक घरी आला. पुन्हा असं ऐकू आलं तर खोली रिकामी करायची, एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी मेहरुननं डालड्याचा जुना डबा उचलला आणि बाहेर पडली. वाटेत माणसं भेटली. तिला बघून त्यांनी माना वळवल्या. कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून ती रोज चालत होती, आणि टपरीवर कुणी तिचं नाव काढत नव्हतं.

"मेहरुन, तू?" मारुतराव म्हणाले. "आगं, दारात संडास बांधून दिला, तरी तुला उसातच जायचंय व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शाकीरनं मान खाली घातली. साळूबाईनं ताटातलं फूल उचलून पुढं केलं.

फूल घेऊन गप घरी जाणं सोपं होतं. गाव चार दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. खोली राहिली असती. पण उद्यापासून टमरेल घेऊन निघता आलं नसतं, आणि मोकळ्या हातानं तर नाहीच.

मेहरुननं सगळ्यांसमोर टमरेल उपडं केलं. थेंबही पडला नाही.

"ह्यात कवाच पाणी नसतं, आबा. मी चालाया येती. मला शुगर हाय."

"मग हे टमरेल कशापायी?"

"तुमच्यासाठी." तिचा आवाज चढला. "हे हातात असलं म्हंजी बाई कुठं निघाली ते कुणी इचारत न्हाई. मोकळ्या हातानं निघाली, की समद्या गावाला तिचा यार दिसाया लागतो."

शाकीर तरातरा पुढं आला. दबक्या आवाजात, घरच्या भाषेत म्हणाला, "भाभी, घर कू चलो. अब्बी. नै तो आजच खोली खाली करना."

मेहरुननं सगळ्यांना कळेल असं मराठीतच उत्तर दिलं.

"खोली घे, शाकीर. पाय देणार न्हाई."

तिनं टमरेल साळूबाईच्या ताटात, गुलाबांच्या मधोमध ठेवलं आणि नदीकडं चालायला लागली. मोकळ्या हातानं. मशीन कुठं हलवायचं, पोरींना घेऊन कुणाच्या दारात जायचं, काही सुचत नव्हतं. तरी तिनं पाऊल हळू पडू दिलं नाही.

मागून चपलांचा फटफट आवाज आला. कुणीतरी धावत येत होतं. शाकीरच. आता हात धरून ओढत नेणार. तिनं मुठी आवळल्या, पण वळून पाहिलं नाही.

आवाज शेजारी येऊन पोचला. धापा टाकत, पदर कमरेला खोचत साळूबाई तिच्या बरोबरीनं चालायला लागल्या.

"अगं, तू कुठं निघालीस?" हातात ताट घेऊन उभे राहिलेले मारुतराव मागून ओरडले.

"मला बी शुगर हाय," साळूबाईनं न थांबता सांगितलं. "लई दिसांची. तुम्हाला सांगितलं असतं, तर चालू दिलं असतं व्हय?"